पदवी कोणाची, श्रेणी कोणाची?

महाविद्यालयात शिकून विद्यार्थ्याच्या हाती पडणारी पदवी महाविद्यालयाची नसते, विद्यापीठाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात याबद्दल कसलीही संदिग्धता नाही. कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे, बाकी कोणालाही नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणून तिथे शिकलेल्याला मुंबई विद्यापीठाची पदवी मिळते. बारावीचे निकाल लागले की या तिन्ही शहरांत रिक्षांच्या पाठीवर आणि स्टेशनबाहेरच्या फलकांवर ‘शासनमान्य’, ‘विद्यापीठाशी संलग्न’, ‘नॅक मानांकित’ असे शब्द एका ओळीत झळकू लागतात. वाचणाऱ्याला ते एकाच गोष्टीचे तीन पुरावे वाटतात. प्रत्यक्षात ते देणाऱ्या संस्था वेगळ्या, त्यांचे नियम वेगळे आणि त्यांतून विद्यार्थ्याला मिळणारे संरक्षणही वेगळे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. बदलापूर २००१ मध्ये एक लाखाच्याही आत होते. मुंबईत घर न परवडलेली कुटुंबे या पट्ट्यात येऊन स्थिरावली, त्यांची मुले इथल्याच शाळांतून बारावी झाली आणि त्यांच्यासाठी जवळच्या डिग्री कॉलेजची निवड हा घरातला मोठा निर्णय ठरला. अनेक घरांत पदवीपर्यंत पोचणारी ही पहिलीच पिढी आहे. कॉलेजच्या कागदपत्रांत काय पाहायचे हे सांगणारे घरात कोणी नसते, म्हणून हा विषय इथे नीट मांडण्याची गरज अधिक आहे.

विद्यापीठाचे कार्यक्षेत्र

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना ‘रीजनली अक्रेडिटेड’ हे शब्द ओळखीचे असतात. तिथे पदवी देणारी संस्था स्वतःच स्वतंत्र असते आणि तिचा दर्जा तपासणाऱ्या खासगी संघटना प्रदेशवार वाटलेल्या होत्या. न्यू इंग्लंडमधली संघटना १८८५ ची, मध्य-उत्तर भागातली १८९५ ची. अमेरिकी सरकार या संघटनांना मान्यता देते आणि ज्या महाविद्यालयाला अशा मान्यताप्राप्त संघटनेची अधिस्वीकृती असेल तिथल्याच विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाहाय्य मिळते. २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी या प्रादेशिक सीमा सरकारी हिशेबातून काढून टाकल्या, तरी जुनी संज्ञा अजून वापरात आहे.

भारतात चित्र उलटे आहे. इथे प्रदेश वाटलेले आहेत ते विद्यापीठांना, आणि दर्जा तपासणारी संस्था देशभर एकच. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे आहे. मध्य रेल्वेची कल्याण-कर्जत ही सगळी बाजू त्यात येते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ यांपैकी कुठेही उतरले तरी विद्यापीठ तेच. घाट चढून लोणावळ्याला पोचले की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची हद्द सुरू होते.

हे कार्यक्षेत्र एकेकाळी फार मोठे होते, आणि उल्हासनगरच्या इतिहासाशी त्याचा थेट संबंध आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या छायेत सिंध प्रांतही होता. कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज आणि सिंधमधल्या हैदराबादचे डी. जी. नॅशनल कॉलेज मुंबईशी संलग्न होते. सिंधसाठी स्वतंत्र विद्यापीठ निघाले ते थेट १९४७ मध्ये. त्याच वर्षी फाळणी झाली आणि सिंधी कुटुंबे दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींमध्ये येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घर, दुकान, जमीन सगळे मागे टाकून आलेल्या या लोकांत जे फाळणीआधी कराची-हैदराबादला बी.ए., बी.एस्सी. झाले होते त्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या होत्या आणि ते विद्यापीठ सीमेच्या या बाजूलाच होते. कॉलेज परदेशात राहिले, पदवी मात्र देशातली ठरली. संलग्नतेचा अर्थ याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

सिंधमधून आलेल्या शिक्षणसंस्थांनी इथे पुन्हा मुळापासून उभारणी केली. प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचे काम मुंबईत नव्याने सुरू केले. १९४९ मध्ये वांद्र्याचे नॅशनल कॉलेज निघाले, मग चर्चगेटचे के. सी. कॉलेज. उल्हासनगर स्टेशनसमोरचे श्रीमती चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सीएचएम, याच बोर्डाचे. कॅम्प ३ मध्येच सेवा सदनचे आर. के. तलरेजा महाविद्यालय आहे. पुढे कल्याणला १९७२ मध्ये बिर्ला कॉलेज सुरू झाले. शस्त्रास्त्र कारखाना, विमको आणि एमआयडीसीतल्या कामगारांची अंबरनाथमधली मुले वर्षानुवर्षे शिकण्यासाठी लोकल धरून या कॉलेजांकडे जात राहिली. अंबरनाथचे एसआयसीईएस किंवा बदलापूरचे आदर्श महाविद्यालय यांच्यामुळे आता गावातल्या गावात शिकण्याची सोय झाली आहे. वांगणी-नेरळकडची मुले आता इथे उतरतात.

संलग्नतेचे बारकावे

कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे एवढे कळणे पुरेसे नाही, कारण संलग्नता अभ्यासक्रमागणिक आणि तुकडीगणिक मिळते. एखाद्या महाविद्यालयात बी.कॉम.ला कायम संलग्नता असते, तर त्याच इमारतीत नव्याने सुरू झालेल्या बी.एस्सी. आयटीला दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. मंजूर प्रवेशसंख्याही ठरलेली असते. त्याहून जास्त प्रवेश दिले गेले, तर त्या वरच्या विद्यार्थ्यांची विद्यापीठात नोंदणी अडते आणि हे उघडकीला येते ते परीक्षेचा अर्ज भरताना. विद्यापीठाने आपल्याला ओळखले की नाही याची खूण म्हणजे पीआरएन, हा सोळा अंकी कायम नोंदणी क्रमांक. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच तो मिळाला पाहिजे. हॉलतिकीट, निकाल, पुनर्मूल्यांकन, पुढे मायग्रेशन आणि पदवी प्रमाणपत्र सगळे त्या क्रमांकावर चालते. आता त्याला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याची जोड मिळाली आहे.

दुसरा बारकावा अनुदानाचा. जुन्या महाविद्यालयांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मूळ तुकड्या अनुदानित असतात. तिथल्या पूर्णवेळ शिक्षकांचे पगार शासन देते, म्हणून शुल्क कमी. बीएमएस, अकाउंटिंग अँड फायनान्स, आयटी, मास मीडिया हे अभ्यासक्रम त्याच छताखाली विनाअनुदानित चालतात आणि त्यांचे शुल्क कितीतरी पट असते. बदलापूरची बरीचशी नवी महाविद्यालये तर पूर्णपणे विनाअनुदानित आहेत. विद्यापीठाची पदवी दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो वर्गात: कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, यावर पोर्शन वेळेत संपणार की नाही हे ठरते. प्रवेश घेताना शुल्काच्या तक्त्याकडे सगळे पाहतात. शिक्षकांच्या यादीकडे फार थोडे पाहतात, आणि खरे तर तीच आधी पाहायला हवी.

विद्यापीठाच्या जोडीला काही अभ्यासक्रमांना नियामक परिषदेचीही मंजुरी लागते. अभियांत्रिकी व व्यवस्थापनासाठी एआयसीटीई, कायद्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडिया, बी.एड.साठी एनसीटीई, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिल. ही मंजुरी नसेल तर पदवीचा कागद मिळूनही व्यवसायाचा दरवाजा बंद राहतो. बार कौन्सिलची मान्यता नसलेल्या कॉलेजातून एलएल.बी. झालेल्याला सनद मिळत नाही. २०२४-२५ पासून एआयसीटीईने बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रमही आपल्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. मुंबई विद्यापीठाच्या परिसरातल्या बऱ्याच महाविद्यालयांनी तेव्हा एआयसीटीईकडे न जाता बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे केले. शिकवायचे विषय जवळपास तेच राहिले, तरी कायद्याच्या दृष्टीने हा वेगळा अभ्यासक्रम झाला. एकात सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेश, दुसऱ्यात थेट कॉलेजात प्रवेश. शासनाच्या शुल्कमाफीच्या योजना अभ्यासक्रमाचा प्रकार आणि प्रवेशाची पद्धत पाहून लागू होतात. जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींसाठी जाहीर झालेली संपूर्ण शुल्कमाफी हे त्याचे ताजे उदाहरण. म्हणून नावातला हा बदल थेट पालकांच्या खिशाशी जोडलेला आहे. प्रवेशाच्या खिडकीवर हे कोणी आपणहून समजावून सांगत नाही.

नॅक म्हणजे काय तपासते

१९८६ च्या शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या दर्जाची तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा हवी असे म्हटले आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच नॅक, स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळूरुला. सुरुवातीला महाविद्यालयांनी आपल्या मर्जीने यायचे होते. २०१२ च्या नियमावलीने ते सक्तीचे केले. अधिस्वीकृती मिळालेल्या महाविद्यालयांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला आहे. नव्या महाविद्यालयाला मात्र लगेच अर्ज करता येत नाही. दोन तुकड्या पदवीधर होऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात किंवा सहा वर्षे पुरी व्हावी लागतात. म्हणून नव्याने निघालेल्या कॉलेजकडे नॅक नसणे हा आपोआप दोष ठरत नाही. पंधरा-वीस वर्षे जुन्या कॉलेजकडे ते नसेल तर मात्र कारण विचारलेच पाहिजे.

तपासणी सात निकषांवर होते: अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य, प्रशासन आणि संस्थेची मूल्ये. संलग्न महाविद्यालयांसाठी १००० गुणांपैकी ३५० एकट्या अध्यापन-मूल्यमापनाचे. इमारत, ग्रंथालय, संगणक यांचे मिळून १००. फलकावर चकचकीत इमारतीचे छायाचित्र असते, पण नॅकच्या हिशेबात वर्गातले शिकवणे त्याच्या साडेतीनपट मोलाचे आहे. एकूण गुणांची सरासरी चारच्या पट्टीवर काढतात. ३.५१ पासून पुढे ‘अ++’, ३.२६ पासून ‘अ+’, ३.०१ पासून ‘अ’. मग ‘ब++’, ‘ब+’, ‘ब’ आणि १.५१ ते २.०० मध्ये ‘क’. १.५० किंवा त्याहून कमी असेल तर अधिस्वीकृती नाही. ही श्रेणी पाच वर्षांसाठी असते. वरची श्रेणी सलग टिकवणाऱ्या संस्थांना सात वर्षे मिळतात. प्रमाणपत्रावर श्रेणीशेजारी सरासरी आणि मुदतीची तारीख छापलेली असते. प्रवेशपुस्तिकेत श्रेणी ठळक आणि तारीख गायब असे दिसले, तर मूळ प्रमाणपत्र नॅकच्या संकेतस्थळावर पाहावे.

२०१७ पासून पद्धत बदलली. महाविद्यालय आपला स्वयंअध्ययन अहवाल ऑनलाइन भरते, त्यातील आकड्यांची बाहेरच्या यंत्रणेकडून पडताळणी होते आणि सुमारे सत्तर टक्के गुण याच आकड्यांतून ठरतात. मग पिअर टीम येते. त्यात परराज्यांतले कुलगुरू, प्राचार्य, प्राध्यापक असतात. ज्या कॉलेजात पिअर टीम येणार असते तिथले वातावरण आठ-दहा दिवस आधीच बदलते. भिंतींना रंग लागतो, नोटीस बोर्डावरचे पिवळे पडलेले कागद निघतात, विभागवार फायली लेबले लावून टेबलावर मांडल्या जातात. टीम साधारण दोन दिवस असते. प्राचार्यांचे सादरीकरण ऐकते, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय फिरते, संस्थाचालकांना भेटते, आणि मग विद्यार्थी, पालक व माजी विद्यार्थी यांच्याशी स्वतंत्र बैठका घेते. विद्यार्थ्यांच्या बैठकीत शिक्षकांनी बसू नये असा संकेत आहे. त्या बैठकीला कोणाला पाठवायचे हे बहुधा कॉलेजच ठरवते, ही या पद्धतीची कमजोर बाजू.

त्या कमजोरीवरचा उपाय विद्यार्थ्यांच्याच हातात आहे. नॅक विद्यार्थ्यांना थेट ई-मेल पाठवून समाधान-सर्वेक्षण करते. त्यात एकवीस प्रश्न असतात. पहिलाच प्रश्न वर्गात किती अभ्यासक्रम शिकवला गेला हा आहे, आणि पर्याय ८५ ते १०० टक्क्यांपासून ३० टक्क्यांखालीपर्यंत. दुसरा प्रश्न शिक्षक किती तयारीने येतात हा. पुढे अंतर्गत गुण न्याय्य पद्धतीने दिले जातात का, इंटर्नशिप आणि क्षेत्रभेटींना कॉलेज उत्तेजन देते का, असे एकेक विचारले आहे. शेवटचा प्रश्न मोकळा आहे, त्यात सुधारणेच्या सूचना लिहायच्या. बरीच मुले हा ई-मेल उघडतच नाहीत, किंवा प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने तयार करून दिलेला पत्ता दिल्यामुळे तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. प्रवेशअर्जावर स्वतःचा चालू ई-मेल देणे ही इतकी साधी गोष्ट महाविद्यालयाच्या श्रेणीवर परिणाम करू शकते. याखेरीज महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही विद्यार्थ्याला जागा आहे.

श्रेणीमुळे काय मिळते, काय मिळत नाही

एमपीएससी, कर्मचारी निवड आयोग, बँका आणि रेल्वेच्या जाहिरातींत अट असते ती मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवीची. कॉलेजची श्रेणी तिथे कोणी विचारत नाही. ‘क’ श्रेणीच्या किंवा नॅक न झालेल्या संलग्न महाविद्यालयातला बी.कॉम. कायद्याच्या दृष्टीने तितकाच बी.कॉम. आहे. ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण नॅक नसल्यामुळे पदवी बाद होईल ही भीती या भागातल्या पालकांमध्ये खोलवर रुजली आहे.

त्याच्या उलटही खरे आहे. कॉलेज कितीही चांगले असले तरी विद्यापीठाच्या गोंधळापासून ते विद्यार्थ्याला वाचवू शकत नाही. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका मुंबई विद्यापीठाने पुरेशा तयारीशिवाय ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. निकाल महिनोन् महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. सीएचएमचे असोत की बदलापूरच्या लहानशा कॉलेजचे, विद्यार्थी सारखेच अडकले. पुढच्या प्रवेशांच्या तारखा निघून गेल्या.

विद्यापीठाची स्वतःची नॅक श्रेणी मात्र विद्यार्थ्याला थेट लागू पडते. मुंबई विद्यापीठाच्या श्रेणीची मुदत २०१७ मध्ये संपली आणि नूतनीकरण वेळेत झाले नाही. त्यामुळे ऑगस्ट २०१८ मध्ये यूजीसीने दूरस्थ शिक्षणाला परवानगी असलेल्या संस्थांची यादी काढली तेव्हा त्यात मुंबई विद्यापीठाची आयडॉल ही दूरस्थ शिक्षण संस्था नव्हती. दिवसा दुकानात किंवा कारखान्यात काम करून आयडॉलमधून बी.कॉम. करणारे हजारो विद्यार्थी टांगणीला लागले. उल्हासनगरच्या बाजारपेठेत आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत असे विद्यार्थी काही थोडेथोडके नाहीत. धावपळ करून विद्यापीठाने नंतर परवानगी मिळवली. ऑगस्ट २०२१ मध्ये विद्यापीठाला ३.६५ गुणांसह ‘अ++’ मिळाली तेव्हा हा प्रश्न मार्गी लागला. एक फाइल वेळेवर न गेल्याने माणसांची वर्षे पणाला लागतात, हे त्या काही आठवड्यांत दिसले.

महाविद्यालयाच्या श्रेणीचा लाभ बहुधा वळसा घेऊन पोचतो. केंद्राच्या अनुदानासाठी आधी यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) या कलमांखाली नोंद लागते. २०१३ पासून रुसा आणि आता पीएम-उषा या योजनांत नॅकच्या श्रेणीला वजन आहे. चांगली श्रेणी असेल तर स्वायत्तता मागता येते, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हाती, पदवी विद्यापीठाचीच. कल्याणचे बिर्ला कॉलेज असे स्वायत्त झाले आहे. स्वायत्त कॉलेजचा निकाल लवकर लागतो, नवे विषय पटकन आणता येतात. मात्र परीक्षेच्या निर्दोषतेची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हिशेब आणखी वेगळा. अमेरिकेत आपली तीन वर्षांची पदवी चार वर्षांच्या बरोबरीची धरली जाईल की नाही, हा जुना प्रश्न आहे. तिथली वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही मूल्यमापन संस्था पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालेल्यांची आणि नॅककडून ‘अ’ किंवा वरची श्रेणी मिळालेल्या संस्थेची तीन वर्षांची पदवी समकक्ष धरते. अभियांत्रिकीत श्रेणी संस्थेला नसते, शाखेला असते आणि ती देते एनबीए. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून एनबीएप्राप्त म्हणजे जगभर मान्य असे सांगितले जाते. पण करारात येतात त्या स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या टियर-१ शाखा. संलग्न महाविद्यालयांना मिळणारी अधिस्वीकृती टियर-२ ची असते आणि ती करारात बसत नाही. कर्जत मार्गावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्याने हा फरक आधीच समजून घ्यावा.

जिथे पदवीच नसते

या पट्ट्यात क्लासेस आणि प्रशिक्षण केंद्रे भरपूर आहेत, आणि नोकरी करता करता पदवी मिळवू पाहणारे लोकही भरपूर. परराज्यातल्या विद्यापीठाच्या नावाने ‘स्टडी सेंटर’ चालवणारे नेमके इथेच गिऱ्हाईक शोधतात. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली कागदावरच शंभराहून जास्त खासगी विद्यापीठे काढली होती. फेब्रुवारी २००५ मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या आणि राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाला राज्याबाहेर पसरता येणार नाही हेही स्पष्ट केले. नोव्हेंबर २०१७ च्या आणखी एका निकालाचा फटका थेट कारखान्यांतल्या डिप्लोमाधारकांना बसला. चार अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या मंजुरीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांपैकी २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना न्यायालयाने परीक्षा देऊन पदवी वाचवण्याची संधी दिली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. त्या जोरावर मिळालेल्या बढत्याही अडचणीत आल्या.

यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. महाराष्ट्रातून तिच्यात नागपूरच्या राजा अरेबिक विद्यापीठाचे नाव आहे. विद्यापीठ नसताना ते नाव लावणाऱ्याला १९५६ च्या कायद्यात शिक्षा आहे ती एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची. इतक्या दुबळ्या तरतुदीवर विद्यार्थ्यांनी विसंबून राहण्यात अर्थ नाही, पडताळणी स्वतःच करावी लागते. संलग्न महाविद्यालयांची आणि त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी विद्यापीठाकडे, दूरस्थ अभ्यासक्रमांची त्या त्या वर्षाची परवानगी यूजीसीकडे, तांत्रिक अभ्यासक्रमांची चालू वर्षाची मुदतवाढ एआयसीटीईकडे पाहायला मिळते. गेल्या वर्षीचे मंजुरीपत्र या वर्षी चालत नाही. ‘नॅकसाठी अर्ज केला आहे’ हे वाक्य म्हणजे नॅक नव्हे. सोपी पारख हवी असेल तर रेल्वेच्या विद्यार्थी पासासाठी सवलतीचा फॉर्म मिळतो का आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना यादीत कॉलेज आणि अभ्यासक्रम दोन्ही दिसतात का, हे सध्या शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावे.

बदलती पद्धत

नॅकच्या विश्वासार्हतेला अलीकडे जबर तडे गेले. मार्च २०२३ मध्ये पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी श्रेणी देण्याच्या प्रक्रियेतल्या गैरप्रकारांकडे बोट दाखवत नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी पथकातल्या सदस्यांना अटक केली. प्रामाणिकपणे वर्षानुवर्षे नोंदी ठेवून ‘ब+’ मिळवणाऱ्या छोट्या कॉलेजांवर यातून सर्वांत मोठा अन्याय झाला.

इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून जानेवारी २०२४ मध्ये नवी रचना जाहीर झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात ‘अधिस्वीकृत’ की ‘अधिस्वीकृत नाही’ एवढाच निर्णय होईल. अ, ब, क या पायऱ्या नसतील. त्यापुढे जाऊ इच्छिणाऱ्या संस्थांसाठी एक ते पाच असे स्तर असतील. माहिती एकाच राष्ट्रीय मंचावर भरायची, ती परस्पर पडताळली जाईल आणि प्रत्यक्ष भेटींवरचे अवलंबन कमी होईल. हे अमलात येईल तसतसे उल्हासनगर-बदलापूरच्या महाविद्यालयांतली चढाओढही बदलेल. ‘ब’ आणि ‘ब++’ यांतला फरक पुसला जाईल, आणि प्रवेश घेणाऱ्याला अहवालातले तपशील स्वतः वाचावे लागतील: कायम शिक्षकांची संख्या, उत्तीर्णांचे प्रमाण, पदवीनंतर पुढे शिकणाऱ्यांचे आणि नोकरी लागलेल्यांचे आकडे. जुन्या पद्धतीत नॅक झालेल्या महाविद्यालयांचे स्वयंअध्ययन अहवाल आणि वार्षिक गुणवत्ता अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर आजही खुले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मोठ्या संस्थांनी स्वायत्त होत जावे, काहींनी एकत्र येऊन समूह विद्यापीठ करावे अशी ती कल्पना. सीएचएम चालवणाऱ्या बोर्डानेच के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज ही मुंबईतली तीन महाविद्यालये एकत्र करून एचएसएनसी विद्यापीठ उभे केले. उल्हासनगरचे कॉलेज त्या समूहात नाही. तिथल्या विद्यार्थ्याला आजही मुंबई विद्यापीठाचीच पदवी मिळते.